तिसरी विनंती

९ डिसेंबर

विश्वशांतीचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. आज मिस्सा संपवून निघाले, तर नव्या फादरांनी चर्चच्या दारातच गाठलं.

"मावशी, एक जानेवारीला विश्वशांतीची प्रार्थना आहे. दरवर्षी असतेच, पण यंदा मनापासून करू या."

म्हणजे आजवर आम्ही ती काय पोटापासून करत होतो?

"प्रार्थनेतल्या विनंत्या तुम्हीच लिहा आणि तुम्हीच वाचा. रेडिओवरचा तुमचा आवाज लोकांच्या अजून कानात आहे."

असणारच. उभी नोकरी मी बातम्या वाचण्यात घालवली. किती युद्धं वाचली त्याची गणती नाही. 'युद्धविराम' हा शब्द तर इतक्यांदा उच्चारलाय की तो तोंडात आला की मला जांभई येते. एका बातमीपत्रात जाहीर करायचा आणि पुढच्यात मोडला म्हणून सांगायचं. आणि आता म्हणे आमच्या चर्चमधल्या खरखरणाऱ्या लाऊडस्पीकरवरून मी पाच विनंत्या वाचायच्या, की जगातले सगळे सेनापती कान टवकारून बसलेच आहेत, लगेच तोफा झाकून घरी जाणार.

तरी हो म्हटलं. कारण सरळ आहे. मी नाही म्हटलं असतं तर वाचन गायकवृंदाच्या बाईंकडे गेलं असतं. शिवणाचं दुकान चालवतात, गातातही, आणि गावभर त्यांना 'कर्णा' म्हणतात. त्या 'शांती' म्हणाल्या की मागच्या बाकावरची तान्ही पोरं दचकून रडायला लागतात.

१३ डिसेंबर

समितीची पहिली बैठक. अध्यक्ष आमचे औषधवाले. दुकानातल्यासारखंच बोलतात, थोडं थोडं आणि पाण्यातून.

पहिला सगळा वेळ पांढरे फुगे सोडायचे की कागदाची कबुतरं टांगायची यावर गेला. कर्णाबाई कबुतरांच्या बाजूच्या. फुगे फुटले तर बंदुकीसारखा आवाज होईल, असं त्यांचं म्हणणं. एकदा तरी त्या आवाजाचा विचार करताना दिसल्या. शेवटी कबुतरं ठरली.

मग पाहुणीबाईंचा विषय निघाला. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या बाईंना सगळे पाहुणीबाईच म्हणतात. उन्हाळ्यात त्या इथं आल्या, लढाईतून. शहर होतं तिथं आता दगड उरलेत, असं फादर सांगतात. सभागृहामागच्या खोलीत राहतात आणि लाँड्रीत चादरींना इस्त्री करतात. औषधवाल्यांची कल्पना अशी की, त्यांनी शांतीचा दिवा हातात घेऊन दारापासून वेदीपर्यंत चालत यावं.

"प्रभाव पडेल," म्हणाले.

फादरांनी विचारलं होतं म्हणे. त्या म्हणाल्या, "मला दिवा नको. मला बसू द्या."

"बघा!" कर्णाबाई उसळल्या. "एवढं आपण सगळं त्यांच्यासाठी करतोय, आणि यांना दोन पावलं चालायला नको!"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. गिळलं. विश्वशांतीच्या समितीतच पहिली लढाई माझ्या नावावर नको.

विनंत्यांबद्दल औषधवाल्यांचा एकच सल्ला. "सौम्य ठेवा. कुठल्या देशाचं नाव नको, कुणाला बोचायला नको. सगळ्यांना सोसेल असं." घरी येताना ठरवून टाकलं. एक तरी विनंती अशी लिहीन की ती सोसणार नाही.

१६ डिसेंबर

रविवार, म्हणून लेकीकडे जेवायला. जावई उशिरा आले, थेट कारखान्यातून. आता रविवारीही पाळी असते. यंत्रांचे सुटे भाग बनवतात तिथं, आणि हे तपासनीस. कसले भाग, तर पंपांचे. लग्न ठरलं तेव्हाही पंप, आजही पंप. या माणसाच्या तोंडून दुसरा विषय मी ऐकलेला नाही. आणि तोही ऐकलाय म्हणायचं इतकंच, कारण हे एका वाक्यात तो संपवतात.

"उन्हाळ्यापासून तीन पाळ्या चालू आहेत," लेक म्हणाली. "यांना बढती पण मिळाली."

"छान," मी म्हटलं. "पण जगाला पाणी उपसायची एवढी घाई कुठून सुटली?"

कुणी हसलं नाही. माझे विनोद या घरात असेच ताटात पडून राहतात.

नातीला शाळेत 'माझ्या वडिलांचं काम' असा विषय आहे. फोटो लावायचाय. "पण बाबांच्या कारखान्यात फोटो काढायला बंदी आहे," ती म्हणाली. पंपाला कसली आली लाजलज्जा! कारखानदार लोकांना स्वतःचं कौतुक फार. जणू यांचाच पंप चोरायला जग टपून बसलंय.

जेवण झाल्यावर विनंत्या वाचून दाखवल्या. पहिली चर्चसाठी, दुसरी राज्यकर्त्यांसाठी, आणि तिसरी माझी लाडकी: 'शस्त्रं घडवणाऱ्या हातांसाठी आपण प्रार्थना करू. आपण काय घडवतो ते त्या हातांना कळो, आणि कळल्यावर ते थांबोत.'

लेक म्हणाली, "तिसरी काढून टाक."

"का म्हणून?"

"उगीच कुणाला तरी लागेल."

"लागू दे की. खाई त्याला खवखवे!"

तिचा चेहरा एकदम उतरला. जावई चहाचं आधण ठेवायला उठले. नळ सोडून तसेच उभे राहिले, भांडं भरून वाहायला लागलं तरी यांना पत्ता नाही. शेवटी नातीनं जाऊन बंद केला. पंपवाला माणूस, आणि पाण्याचं एवढंसुद्धा भान नाही!

२२ डिसेंबर

तिसऱ्या विनंतीवर चहूकडून हल्ले. औषधवाले म्हणतात, 'शस्त्रं' हा शब्द कडक आहे, 'साधनं' करा. म्हणजे झाडू बनवणाऱ्यांनीही थांबावं की काय? कर्णाबाई म्हणतात, यमक जुळत नाही. फादरांनी मात्र वाचलं आणि म्हणाले, "असू दे, मावशी." वयानं लहान आहेत, पण अगदीच वाया गेलेले नाहीत.

संध्याकाळी लेक आली. कोट न काढताच दारात उभी.

"आई, ते वाक्य राहणारच आहे का?"

"राहणार."

"मग आम्ही एक तारखेला नाही येत."

मी चांगलंच सुनावलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सख्खी लेक आईचं वाचन ऐकायला येणार नाही, आणि कशासाठी? तर नवऱ्याच्या साहेबलोकांत बाईसाहेबांची पत कमी होईल! आजकाल त्या वर्तुळात ऊठबस असते ना. शस्त्रांचा माल विकणारा कुणी बडा माणूस त्यांच्या ओळखीचा असेल, त्याला वाईट वाटायला नको. मी हे बोलून दाखवलं. ती कोटाचं एक बटण पिरगाळत राहिली. मग म्हणाली, "तुला सांगून उपयोग नाही."

हे मला आयुष्यभर नवऱ्यानं ऐकवलं, आता लेक ऐकवते. वारसा म्हणतात तो हाच.

रात्रीच्या जेवणाआधी जावयांचा फोन. स्वतःहून फोन करायची या माणसाची पहिलीच वेळ असेल. "आई, आम्ही येतो. तुम्ही जे लिहिलंय ते वाचा." एवढंच बोलून ठेवून दिला. घरात एकाला तरी अक्कल आहे म्हणायची.

२९ डिसेंबर

रंगीत तालीम. कबुतरं इतकी खाली टांगलीत की वाचायला उभं राहिलं की एक बरोबर माझ्या नाकासमोर हेलकावे खातं. वर करा म्हटलं, तर म्हणे शिडी नाही. शांती माझ्या नाकाला लागेपर्यंत ही मंडळी थांबणार.

१ जानेवारी

संताप आवरत नाहीये, तरी क्रमानं लिहिते.

चर्च गच्च भरलं होतं. वर्षभर देवाला तोंड न दाखवणारे आज नवे कपडे घालून हजर. फादरांचं प्रवचन बरं झालं, लांबलं पण बरं. मग मी उठले. आवाज लागला म्हणजे काय लागला! एक अक्षर इकडचं तिकडे नाही, श्वास कुठं तुटला नाही. पहिल्या वाक्यालाच मागची कुजबुज थांबली. तिसरी विनंती मी मुद्दाम संथ वाचली, प्रत्येक शब्द सुटा. "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," असं सगळे एका सुरात म्हणाले. औषधवाल्यांच्या चेहऱ्यावर कडू गोळी चघळल्यासारखा भाव. समाधान वाटलं.

वर बघितलं तर सगळे उभे आणि जावई खाली बसलेले. मागून दुसऱ्या बाकावर, डोकं खाली घालून. लेकीचा हात त्यांच्या पाठीवर. चाळिशीतच गुडघे गेले असतील. दिवसभर उभं राहायचं काम, दुसरं काय.

इथवर सगळं ठीक. पुढं फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या." सगळे वळून एकमेकांचे हात हातात घ्यायला लागले. मी वेदीजवळ होते, तिथून शेवटपर्यंत दिसतं. जावयांच्या मागच्याच बाकावर पाहुणीबाई. उन्हाळ्यापासून मी बघतेय, त्या कुणाला हात देत नाहीत, नुसती मान हलवतात. आज त्यांनी दिला. उठल्या, बाकावरून पुढे वाकल्या आणि जावयांपुढे हात धरला.

आणि या माणसानं तो घेतला नाही! दोन्ही हात कोटाच्या खिशात. तोवर उठला होता, तिच्याकडे वळून बघत नुसता उभा. बाईंचा हात तसाच हवेत. मग त्यांनी तो मागे घेतला आणि खाली बसल्या. सगळ्या बाकांनी पाहिलं. कर्णाबाईंनी तर नक्कीच, त्यांचे डोळे घशाइतकेच मोठे आहेत.

बाहेर पायऱ्यांवर मी जावयांना धरलं. चारचौघांत, हो. त्याशिवाय कळत नाही. म्हटलं, "जिचं घरदार गेलं तिचा हात तुम्हाला घाण वाटला का? आत विश्वशांतीच्या प्रार्थना चालल्यात आणि माझ्या घरचा माणूस असा वागतो! कसले संस्कार हे!"

ते म्हणाले, "तिचा नाही, आई."

"तिचा नाही म्हणजे?"

त्यांनी नातीचा हात धरला, निघून गेले. लेक माझ्याकडे अशी बघत होती, जणू हात मीच नाकारला. त्यांच्यासाठी नेलेला केक तसाच घरी आणला. एकटीनं खाल्ला, त्यातही साखर कमी.

५ जानेवारी

काल लेक आली होती. काल लिहिता आलं नाही.

आल्या आल्या म्हणाली, "पंप नाहीयेत ते." मी चष्मा पुसत होते. "कुठले?" म्हटलं. खरंच कळलं नाही मला. मग तिनं सांगितलं. पंपांचा विभाग कारखान्यात आहे, पण छोटा, मागच्या बाजूला. पुढच्या मोठ्या शेडमध्ये दुसरंच काही तयार होतं. लग्नानंतर दोनेक वर्षांत जावयांना तिकडे घेतलं. बाहेर बोलायचं नाही अशी सही करून दिलीय. तेव्हापासून घरातसुद्धा पंपच.

"उन्हाळ्यापासून तीन पाळ्या का चालल्यात, तुला कधी प्रश्न पडला नाही?"

"पडला की. मी विचारलंही."

"तू विनोद केलास, आई."

मी विचारलं, कुणाकुणाला जातो तो माल? ती म्हणाली, त्यांना सांगत नाहीत. पण खोक्यांवर अक्षरं असतात. पाहुणीबाईंच्या देशातली नाहीत, त्यांच्यावर चालून आलेल्या शेजारच्या देशातली.

मग मी तेच बोलले जे कुणीही बोललं असतं. सोडून द्यायची होती नोकरी, पोट काय कुठंही भरतं. त्यावर ती उठली. "तुझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं कशातून झाली? चांगल्या दवाखान्यात, रांग न लावता? ज्या डोळ्यांनी तू ते वाक्य वाचलंस ना, आई, ते त्याच पगारातून आलेत."

ती गेल्यावर मी समोरच्या घराच्या खिडक्या मोजत बसले. अगदी स्पष्ट दिसतात. गजसुद्धा.

पण म्हणून काय वाक्य खोटं होतं का? मुळीच नव्हतं. आणि हे मला कुणी आधी सांगितलं नाही, यात माझा काय दोष? घरचंच माणूस पंप पंप म्हणतं, तर मी काय कारखान्याची भिंत फोडून बघायचं?

१० जानेवारी

औषधवाले भेटले. "मावशी, कार्यक्रम फार गाजला हो! ती तिसरी विनंती तर लोकांना फार आवडली." ज्याला सोसवत नव्हती तोच. आवडली म्हणे! कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून आवडली.

मी सरळ बस धरून कारखान्यावर गेले. पाळी सुटायची वेळ. काय पाहायला मिळेल असं वाटलं होतं, कोण जाणे. फाटक उघडलं आणि साधी माणसं बाहेर पडली. कुणी मफलर गुंडाळतंय, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून हसतंय, एक बाई चालता चालता केळं खातेय. माझ्या तिसऱ्या विनंतीतले हात ते हेच. एकीच्या हातात केळ्याची साल होती, ती टाकायला डबा शोधत होती.

जावई मला बघून थबकले. "काय झालं? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. चला, स्टॉपपर्यंत येते."

कोपऱ्यापर्यंत आलो. मग मीच म्हटलं, "काय असतं ते?"

"पंख," ते म्हणाले. "मागच्या टोकाला बसतात. ते असले की वरून टाकलेलं सरळ खाली जातं, भरकटत नाही. माझ्या टेबलावर येतात, मी मोजमाप बघतो. वाकडा असला तर बाजूला काढतो." मग म्हणाले, "माझं काम चांगलं आहे, आई. माझ्या हातून वाकडा सुटलेला नाही."

मी म्हटलं, "त्या दिवशी वाचलेलं... मला माहीत नव्हतं."

"वाक्य बरोबर होतं. मीच तर वाचा म्हटलं. मला वाटलं, सगळ्यांसमोर ते कानावर पडलं की माझ्यात काहीतरी हलेल, मी उठून राजीनामा तरी देईन." ते हसले, पण ते हसणं बघवेना. "पण तुम्ही ते हवामान वाचल्यासारखं वाचलंत. उत्तरेकडे थंडी, दक्षिणेकडे ढग, आणि शस्त्रं बनवणाऱ्यांनो थांबा. मी बसून राहिलो."

आयुष्यात माझ्या वाचनाला असं कुणी बोललं नव्हतं. रेडिओ केंद्रावरचे साहेब तर म्हणायचे, बाईंच्या आवाजात भूकंपसुद्धा शांत वाटतो. मी ते अभिमानानं सांगत आले.

ते म्हणाले, पंपांच्या विभागात बदली मागितलीय. पगार उतरेल. साहेब म्हणाले, बघू, आत्ता नाही, आत्ता घाई आहे.

"उद्या जाऊ नकोस," मी म्हटलं. जावयाला अरे-तुरे केलं हे बस आल्यावर लक्षात आलं.

"आणि परवा?" त्यांनी विचारलं.

ते बसमध्ये चढले. ते उद्या जाणार.

२० जानेवारी

आज मिस्सा संपल्यावर जावई माझ्याजवळ आले. "आई, मला त्यांच्याशी बोलायचंय. तुम्ही सोबत चला." लेक नातीला घेऊन पुढे गेली होती.

पाहुणीबाई गर्दी ओसरेपर्यंत बाकावरच बसून असतात. शेजारी त्यांची कापडी पिशवी. आम्ही जाऊन उभे राहिलो. मला वाटलं होतं, हा माणूस 'माफ करा' म्हणेल, त्या 'असू दे' म्हणतील, आणि कबुतरं अजून उतरवली नाहीत ती आपली डोक्यावर हलत राहतील. अशा गोष्टी कशा संपतात ते मला पाठ आहे.

"एक तारखेला तुम्ही हात पुढे केला होता," जावई म्हणाले. "मी घेतला नाही."

"आठवतं." त्या आपली भाषा सावकाश बोलतात, दगडावरून पाय टाकत नदी ओलांडावी तशा.

"मी शस्त्रांच्या कारखान्यात आहे. तुमच्या शेजारच्या देशात जातो आमचा माल."

इतकं सरळ तर मी बातमीसुद्धा दिली नसती.

त्या हलल्या नाहीत. "काय बनवता?"

"पंख. मागचे." जावयांनी दोन हात हवेत धरून लांबी दाखवली. बाई त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिल्या.

"आमच्याकडे पण असाच कारखाना होता," त्या म्हणाल्या. "शहराबाहेर. माझा धाकटा भाऊ तिथं. रंग द्यायचा. हिरवा. नखांतून निघायचा नाही, आई ओरडायची. पगार चांगला होता. आम्ही सगळे त्यावर जेवलो."

"मग?" मी विचारलं. जुनी खोड, पुढची ओळ हवी असते.

"मग तिकडून पंख आले," त्या म्हणाल्या. "सरळ आले."

कसं कोण जाणे, पण जावयांनी हात पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. हाताकडे बघितलं, मान हलवली. नाही म्हणून. मला राग यायला हवा होता. कुणाचा, तेच ठरेना. हा वाईट, ती बिचारी, अशी वाटणी मी मनात करून आले होते, ती तिथल्या तिथं विस्कटली.

मग त्यांनी बाकावरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. मोकळ्या झालेल्या जागेवर नजर टाकली. "बसा," म्हणाल्या.

जावई बसले. मधे एका माणसाचं अंतर ठेवून. मी उभीच.

"तुम्ही पण बसा, बाई," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही छान वाचता. एक एक शब्द समजतो."

मी मधल्या जागेत बसले. पाठीला बाकाची फळी टोचत होती. इतक्या वर्षांत मी मागच्या बाकावर कधी बसलेच नव्हते. तिथून वेदी लांब दिसते, आणि पुढे उभं राहून बोलणारा माणूस फारच छोटा.

तेवढ्यात औषधवाले किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. खिडक्या लावत लावत आमच्यापाशी पोचले.

"मावशी, दार लावायचंय. काही कार्यक्रम आहे का?"

"आहे."

"कसला?"

"बसण्याचा," मी म्हटलं. "किल्ल्या ठेवून जा."